भिंत सरळ आहे का? ओळंबा, पाण्याची नळी आणि दोरी



सुगी आटोपली, धान्य घरात आले आणि हातात चार पैसे आले की गावोगावी बांधकामाची घाई सुरू होते. कोणाला गोठा वाढवायचा असतो, कोणाला मुलाच्या लग्नाआधी एक खोली काढायची असते, तर कोणाला विहिरीवर पंपासाठी लहानशी खोली हवी असते. चिरा, वीट, वाळू, सिमेंट यांचा भाव आपण दहा ठिकाणी विचारतो आणि रुपया-दोन रुपयांसाठी घासाघीस करतो. पण जोते पातळीत आहे का आणि भिंत ओळंब्यात आहे का, हे मात्र गवंड्यावर सोपवून मोकळे होतो. बहुतेक गवंडी आपल्या कामात तरबेज असतात, यात शंका नाही. तरीही घर आपले आहे, पैसा आपला आहे आणि त्या भिंतीशेजारी झोपणारी मुलेबाळेही आपलीच आहेत. तेव्हा तपासणीची साधी रीत प्रत्येक घरधन्याला व घरधनिणीला ठाऊक असावी. तिला ना मोठे शिक्षण लागते, ना महागडे यंत्र. एक दोरी, एक वजन, एक पारदर्शक नळी आणि मोजपट्टी एवढे पुरे.

सरळपणाला एवढे महत्त्व का?

खळ्यावर पोत्यांची थप्पी लावताना आपण काय करतो ते आठवा. पोती नीट एकावर एक बसली तर दहा पोत्यांची थप्पीही हलत नाही. एखादे पोते बाहेर आले, त्याच्यावरचे आणखी थोडे बाहेर आले, की थप्पी एका बाजूला झुकते आणि कोणी धक्का न देताही कोसळते. भिंतीचेही तसेच आहे.

वीट, चिरा, दगड आणि त्यांना जोडणारा मसाला यांना दाब चांगला सोसतो, ताण मात्र सोसत नाही. वजन भिंतीच्या जाडीच्या मधोमध खाली उतरते तोवर संपूर्ण भिंत दाबात असते आणि सुरक्षित असते. वजन एका कडेकडे सरकले की त्या कडेवर दाब वाढतो आणि दुसऱ्या कडेला सांधे उघडू पाहतात. बांधकामशास्त्राचा जुना नियम असा की, वजन जाडीच्या मधल्या तिसऱ्या भागातच पडले पाहिजे. नऊ इंची, म्हणजे सुमारे २३ सेंटिमीटर जाडीच्या भिंतीचे तीन भाग केले तर मधला भाग साडेसात सेंटिमीटरच्या आसपास येतो. म्हणजेच मध्यापासून दोन्ही बाजूंना जेमतेम पावणेचार सेंटिमीटरची मुभा आहे.

आता दहा फूट उंचीची अशी भिंत वरच्या टोकाला ५ सेंटिमीटर कलली आहे असे समजा. छपराचे ओझे वरच्या टोकावर बसलेले असते, त्यामुळे ते मुभेच्या बाहेर पडते. भिंतीचे स्वतःचे वजन तिला काही काळ सावरून धरते. पण वादळी वारा, पायात मुरणारे पाणी, वाशांचा बाहेरच्या बाजूचा रेटा यांपैकी एकाची भर पडली की तडा जायला वेळ लागत नाही.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसांचा बळी घेतला. तेथील पुष्कळशा घरांच्या भिंती मातीच्या गाऱ्यात रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या होत्या. बाहेरची एक रांग, आतली एक रांग आणि मधे खडी-मातीची भर, अशी त्यांची रचना होती. दोन्ही रांगांना बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते आणि वर मातीचे जड माळवद होते. हादरा बसताच दोन्ही रांगा एकमेकींपासून सुटल्या. नुसता ओळंबा लावून ती घरे वाचली असती असे कोणी म्हणणार नाही. पण आपण ‘भिंतीला पोट आले’ असे म्हणतो, ते पोट म्हणजे रांगा सुटू लागल्याची खूण असू शकते, आणि ती खूण ओळंब्याने स्पष्ट मोजता येते.

पहिली पायरी : काटकोन

भिंत उभी राहण्याआधी तिची आखणी बरोबर हवी. गवंडी त्यासाठी गुण्या वापरतात. गुण्या लहान असतो, त्यामुळे मोठ्या खोलीला दोरीची रीत अधिक भरवशाची. कोपऱ्याच्या खुंटीपासून एका बाजूला ३ फुटांवर आणि दुसऱ्या बाजूला ४ फुटांवर खूण करा. या दोन खुणांमधले अंतर बरोबर ५ फूट भरले तर कोपरा काटकोनात आहे. जागा मोठी असेल तर ९, १२ आणि १५ फूट घ्यावे. अंतर जितके मोठे तितकी चूक लवकर दिसते.

चारही कोपरे झाले की कर्ण मोजावेत, म्हणजे समोरासमोरच्या कोपऱ्यांमध्ये दोरी ताणून पाहावी. समोरासमोरच्या बाजू सारख्या असतील आणि दोन्ही कर्णही सारखे भरले तर आखणी चोख आहे. १२ फूट लांब व ९ फूट रुंद खोलीचे दोन्ही कर्ण १५ फूटच भरले पाहिजेत. एक कर्ण १५ फूट २ इंच आणि दुसरा १४ फूट १० इंच आला, तर खोली तिरकी झाली आहे. पुढे छपराचे पत्रे वा फरशी बसवताना ती चूक महागात पडेल. फक्की टाकतानाच ती सुधारली तर खर्च मात्र शून्य.

दुसरी पायरी : जोत्याची पातळी

पाणी उभ्या जगात कोठेही स्वतःची पातळी सोडत नाही. या एका गोष्टीवर पाण्याच्या नळीची रीत उभी आहे. दहा-पंधरा मीटर लांबीची, बोटाएवढ्या जाडीची पारदर्शक नळी घ्यावी. बादली उंचावर ठेवून नळीचे एक टोक तिच्यात बुडवावे आणि दुसऱ्या टोकाने ओढून नळी भरून घ्यावी. दोन्ही टोकांना वीतभर जागा रिकामी ठेवावी. पाणी नीट दिसावे म्हणून त्यात कपड्याची थोडी नीळ कालवली तर बरे.

चार गोष्टी पाळाव्यात. नळीत हवेचा एकही बुडबुडा राहता कामा नये. राहिला तर माप खोटे येते. ने-आण करताना टोकांवर अंगठा ठेवावा, पण माप घेताना दोन्ही टोके उघडी हवीत. नळीला कोठे मुरड पडलेली नसावी. आणि अर्धी नळी उन्हात, अर्धी सावलीत अशी बराच वेळ ठेवू नये, कारण तापलेले पाणी हलके होऊन किंचित वर चढते. प्रत्यक्ष कामाआधी दोन्ही टोके एकमेकांना भिडवून धरावीत. दोन्हीकडचे पाणी एकाच रेषेत आले तरच नळी खरी समजावी.

आता जोत्याच्या चारही कोपऱ्यांवर एकेक काठी रोवा. पहिल्या ‘अ’ कोपऱ्यावर जोत्यापासून १०० सेंटिमीटर उंचीवर काठीला खूण करा. एकाने नळीचे एक टोक तेथे धरावे आणि दुसऱ्याने दुसरे टोक ‘ब’ कोपऱ्यावर न्यावे. पाणी स्थिर होऊ द्या. ‘अ’ कडचे पाणी खुणेवर आले की ‘ब’ कडे पाणी असेल तेथे खूण करा. याच रीतीने ‘क’ आणि ‘ड’ कोपऱ्यांवरही खूण करा, मात्र प्रत्येक वेळी ‘अ’ पासूनच. ‘अ’ वरून ‘ब’, ‘ब’ वरून ‘क’ असे पुढे पुढे गेलात तर प्रत्येक ठिकाणची बारीकशी चूक शेवटी एकत्र साठते.

चारही खुणा आता एकाच पातळीत आहेत. त्यांपासून खाली जोत्यापर्यंतचे अंतर मोजा. समजा ‘अ’ वर १००, ‘ब’ वर १०१.५, ‘क’ वर १०० आणि ‘ड’ वर ९९ सेंटिमीटर आले. म्हणजे ‘ब’ कोपरा दीड सेंटिमीटर खाली आहे आणि ‘ड’ कोपरा एक सेंटिमीटर वर आहे. हा फरक पहिला थर ठेवण्यापूर्वीच जोत्यावर भरून काढावा. भिंतीच्या एकाच सांध्यात जाड मसाला भरून ‘सारखे’ करू देऊ नये. विटांच्या सांध्यातील मसाला सुमारे १० मिलिमीटर जाडीचा असावा. जाड थर कमजोर राहतो आणि दबतो.

गवंड्याजवळ पाणसळ असेल तर तीही उपयोगी आहे, पण ती स्वतः खरी आहे का हे आधी पाहावे. पाणसळ एका जागी ठेवून बुडबुडा कोणत्या बाजूला जातो ते पाहा. मग त्याच जागी तिची टोके उलटसुलट करून पुन्हा ठेवा. बुडबुडा पुन्हा भिंतीच्या त्याच बाजूला गेला तर भिंत पातळीत नाही. बुडबुड्याने बाजू बदलली तर पाणसळच बिघडलेली आहे.

तिसरी पायरी : ओळंबा

ओळंबा हे माणसाच्या फार जुन्या हत्यारांपैकी एक. प्राचीन इजिप्तमधील कारागिरांच्या थडग्यात तो सापडला आहे. आमोस संदेष्ट्याच्या ग्रंथातही सातव्या अध्यायात भिंतीला लावलेल्या ओळंब्याचा दाखला येतो, आणि ऐकणाऱ्यांना तो समजावून सांगावा लागला नसणार. दोरीला वजन बांधून सोडले की ती थेट पृथ्वीच्या मध्याकडे रोखते. तिला कोणाची भीडभाड नाही.

गवंड्याच्या ओळंब्याला पितळी किंवा लोखंडी गोळा आणि त्याच रुंदीचा एक ठोकळा असतो. दोरी ठोकळ्याच्या मधून जाते. ठोकळा भिंतीच्या वरच्या भागाला टेकवून गोळा खाली सोडायचा. गोळा भिंतीला केवळ स्पर्श करून मोकळा लटकला तर भिंत ओळंब्यात आहे. गोळा भिंतीपासून दूर राहिला तर भिंतीचा वरचा भाग आपल्याकडे झुकला आहे. गोळा भिंतीवर रेलला आणि दोरी तिरकी झाली तर वरचा भाग आपल्यापासून पलीकडे कलला आहे.

घरी असा ओळंबा नसला तरी अडत नाही. भिंतीच्या माथ्यावर एक फळी बाहेर काढून तिला दोरी बांधा. दोरी भिंतीपासून ५ सेंटिमीटर दूर असू द्या आणि तिच्या टोकाला एखादे जड वजन लटकवा. वारा असेल तर वजन पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, म्हणजे ते झुलणार नाही. मात्र ते बादलीच्या बुडाला वा कडेला टेकता कामा नये. मग वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी दोरीपासून भिंतीपर्यंतचे अंतर मोजा :

वर ५, मध्ये ५, खाली ५ : भिंत सरळ आहे.

वर ५, मध्ये ६, खाली ७ : भिंतीचा माथा २ सेंटिमीटर आपल्याकडे झुकला आहे.

वर ५, मध्ये ४, खाली ३ : माथा २ सेंटिमीटर पलीकडे कलला आहे.

वर ५, मध्ये साडेतीन, खाली ५ : भिंतीला दीड सेंटिमीटर पोट आले आहे.

प्रत्येक कोपऱ्याला दोन्ही बाजूंनी ओळंबा लावावा. एका बाजूने सरळ दिसणारा कोपरा दुसऱ्या बाजूने कललेला असू शकतो. लांब भिंतीला मध्येही दोन-तीन ठिकाणी मोजावे. दोन कोपरे ओळंब्यात आले की त्यांच्यामध्ये दोरी ताणून प्रत्येक थर त्या दोरीला धरून रचला जातो, म्हणून कोपरे चुकले की सारी भिंत चुकते.

किती फरक चालतो?

हाताच्या कामात केसाएवढा फरक राहणारच. त्यावरून गवंड्याशी भांडू नये. विटांच्या बांधकामासाठीच्या भारतीय मानक २२१२ प्रमाणे एका मजल्यात ३ मीटर उंचीला ६ मिलिमीटरपेक्षा अधिक कल नसावा. आपल्या गवंड्यांच्या भाषेत सांगायचे तर दहा फुटांत दोन सूत. जांभ्याचा चिरा किंवा घडीव दगड विटेएवढा रेखीव नसतो. तेथे दगडाचा ओबडधोबडपणा वगळून दोन-तीन थरांचा सरासरी हिशेब धरावा.

तपासणी रोजच्या रोज करावी. तीन-चार थर झाले की एकदा ओळंबा लावावा. मसाला ओला असताना चुकलेला थर काढून पुन्हा बसवणे दहा मिनिटांचे काम आहे. आठ दिवसांनी तेच काम छिन्नी-हातोड्याचे होते. एका दिवसात भिंत दीड मीटरपेक्षा अधिक उंच नेऊ नये, कारण खालचा ओला मसाला वजनाने दबून भिंत सरकू शकते. आणि वाकडी भिंत जाड गिलाव्याखाली झाकू देऊ नये. गिलाव्याने डोळ्यांना भिंत सरळ दिसते, पण वजन उतरते ते आतल्या वाकड्या भिंतीतूनच.

जुन्या भिंतीचे काय?

नवी भिंत कलते ती बहुधा हाताच्या चुकीने. जुनी भिंत कलते ती बहुधा खालच्या जमिनीमुळे. माळव्यात, वडोदऱ्याच्या बाजूला, बेळगावच्या पूर्वेकडे जेथे काळी चिकण माती आहे, तेथे जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया उथळ असेल तर भिंत तिच्याबरोबर वरखाली होते. इटलीतील पीसा शहराच्या कॅथेड्रलचा घंटाघराचा मनोरा सर्वांना ठाऊक आहे. त्याचे काम ११७३ साली सुरू झाले आणि खालची जमीन मऊ असल्याने तो बांधकाम चालू असतानाच कलला. पुढे १९९० मध्ये तो लोकांसाठी बंद करावा लागला, आणि उंच बाजूच्या पायाखालची माती थोडी थोडी काढून कल कमी केल्यावर २००१ मध्ये पुन्हा उघडला. म्हणजे ओळंबा रोग दाखवतो. औषध मात्र पायाशी करावे लागते.

म्हणून जुन्या भिंतीचे माप वर्षातून दोनदा घ्यावे, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा नंतर. दोन्ही वेळा एकाच जागी मोजावे आणि तारीख घालून वहीत लिहून ठेवावे. कल तेवढाच राहिला तर भिंत स्थिरावली आहे. वाढला तर धोका आहे. भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून तिची दोन टोके सिमेंटने चिकटवावीत आणि बाजूला तारीख लिहावी. काच तडकली तर भेग अजून चालू आहे असे समजावे. दार-खिडकी अचानक अडकू लागणे हीही एक खूण आहे.

अशा वेळी पहिला उपाय पाण्याचा. पागोळ्यांचे आणि न्हाणीचे पाणी पायाजवळ मुरू देऊ नये. चर काढून दूर न्यावे. भिंत फुगलेली असेल वा कल वाढत असेल तर तिच्या कडेला खाट टाकू नये आणि जनावर बांधू नये. मुलांना तेथे खेळू देऊ नये. तिरका टेकू देऊन जाणत्या गवंड्याला किंवा अभियंत्याला दाखवावे. मुसळधार पावसाच्या रात्री अशा भिंतीच्या आधाराने झोपण्यापेक्षा शेजाऱ्याच्या पडवीत झोपलेले बरे.

गोठ्याची जमीन आणि शेताचा बांध

गोठ्याच्या भिंती पातळीत हव्यात, पण जमीन मात्र मुद्दाम उतरती हवी. जनावरे उभी राहतात त्या जागेला गव्हाणीकडून मोरीकडे ४० ते ६० ला १ असा उतार द्यावा. ४० ला १ म्हणजे एक मीटरला अडीच सेंटिमीटर. दीड-पावणेदोन मीटर जागेला सुमारे ४ सेंटिमीटर उतार येतो. याहून कमी असेल तर मूत्र साचते, खूर कुजतात आणि ओल्या जमिनीवर बसून गाई-म्हशींना कासदाह होतो. याहून फार जास्त असेल तर जनावर घसरते आणि गाभण जनावराला त्रास होतो. पाण्याच्या नळीने दोन्ही टोकांची पातळी घेतली की हा उतार नेमका देता येतो.

दोन सरळ बांबू वर बांधून, खाली पसरून, मध्ये आडवी काठी बांधली आणि माथ्यावरून वजनाची दोरी सोडली की पातळी पाहण्याची एक घोडी तयार होते. दोन दगडांवर ती उभी करून दोरी आडव्या काठीवर जेथे येते तेथे खूण करा. मग पाय उलटे करून त्याच दगडांवर ठेवा आणि दुसरी खूण करा. दोन्ही खुणांचा मध्य ही खरी पातळी. उतारावरच्या शेतात समपातळीचे बांध आखायला हीच घोडी पुरते. पाऊल-पाऊल पुढे न्यावी आणि दोरी मध्यावर येईल तेथे खुंटी ठोकावी.

गवंड्याशी बोलताना

शेवटी एक गोष्ट. गवंडी हा कारागीर आहे, त्याचा मान राखावा. त्याच्या पाठीमागे मोजमाप करून मग चार लोकांत बोलण्यापेक्षा पहिल्याच दिवशी सांगावे, ‘‘मेस्त्री, रोज काम सुटायच्या आधी आपण दोघे मिळून एकदा ओळंबा लावू या.’’ चांगला गवंडी याचे वाईट वाटून घेत नाही. उलट मालक डोळस आहे हे पाहून त्याचाही हुरूप वाढतो. मजुरीचा हप्ता मात्र माप पाहिल्यावरच द्यावा, आणि हे बोलणेही काम सुरू होण्याआधीच झालेले असावे.

हे काम घरातल्या मुलामुलींना शिकवा. आठवी-नववीतला मुलगा किंवा मुलगी हा हिशेब सहज करील, आणि नळीचे दुसरे टोक धरायला तरी कोणीतरी लागतेच. येत्या हंगामात ज्यांच्या घरी बांधकाम निघणार आहे त्यांनी एक नळी आणून ठेवावी. काम झाल्यावर शेजाऱ्याला द्यावी. एक नळी सबंध वाडीला पुरते.